अंबाडीचा वाख

जगदेव आल्यापासून त्या घरात कुणी मोकळेपणानं खोकललंही नव्हतं. सहा वर्षांनी धाकटा दीर घरी आला, त्यानं पाय धुतले, गूळपाणी घेतलं, आणि मनकर्णाबाईनं वाढलेल्या ताटावर बसून पहिल्या घासालाच म्हणाला, "वयनी, मी रुख्मीले घ्यायले आलो."

मनकर्णाबाईच्या तव्यावरची भाकर करपली. जगदेवची पहिली बायको, रुख्मिणीची आई, गेली तेव्हा पोर पाळण्यात होती. तिला पहिला घास कुस्करून भरवला तो मनकर्णाबाईनं. जगदेव भावाशी भांडून कारंज्याला निघून गेला तेव्हाही पोर इथंच राहिली, कारण अडत्याच्या दुकानात झोपणाऱ्या एकट्या माणसानं लेकराचं करायचं काय? आता त्यानं दुसरं लग्न केलं होतं, त्या बाईला तान्हं मूल होतं, आणि रुख्मिणी घागर उचलण्याएवढी झाली होती. हे मात्र त्यानं बोलून दाखवलं नाही.

तो म्हणाला, "सख्ख्या भावानं भर खळ्यात, गावासमोर, मले मारलं. त्या घरात माही पोरगी कायच्या भरवशावर ठेवू? तेवा मी होतो. उद्या ती असन."

यावर खरं तर मनकर्णाबाईच्या नवऱ्यानं, मारोतरावांनी, ताट उडवायला हवं होतं. ते रामकिसन पाटलाचे थोरले चिरंजीव, आणि रामकिसन पाटलाचा हात किन्हीराजापासून मालेगावच्या बाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. त्या घराण्यात पुरुष आधी हाणत आणि मग काय झालं ते विचारत. हे सांगताना घरातल्या बायकांचीसुद्धा छाती फुगायची, इतकी ती गोष्ट अंगवळणी पडली होती.

पण मारोतराव उठले, हात धुतले, खुंटीवरचा अंबाडीचा वाख काढला आणि ओसरीच्या खांबाला टेकून दोर वळायला बसले. जगदेव ते बघून मोठ्यानं हसला. मारोतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण हात चालूच राहिले.

मिटवामिटवी केली ती रंगूआत्यानं. ही रामकिसन पाटलाची धाकटी बहीण. शिरपूरला दिलेली, पण माहेरचं सीतादही तिनं कधी चुकवलं नव्हतं. "पोरगी बापाची, हे तं खरं हाय," ती म्हणाली. "पण उद्या सीतादही हाय. सणाच्या तोंडावर पोर हलवू नका. उद्या सगये वावरात जाऊ, पूजा होऊ द्या, मंग तिथीच काय ते ठरवू."

सकाळी मनकर्णाबाईनं दहीभात कालवला. कपाशीची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, दहीभात दाखवायचा, चारी दिशांना शिंपडायचा, नव्या कापसाच्या वातीचा दिवा लावायचा आणि मगच बोंडाला हात घालायचा, अशी सीतादहीची पद्धत. दही लागावं तसं वावर पांढरंशुभ्र लागावं म्हणून. एरवी ती गाणं गुणगुणत हे करायची. आज तिचं लक्ष सारखं ओसरीकडे जात होतं. तिथं मारोतराव पुन्हा वाख घेऊन बसले होते.

गावात त्यांना मागून दोरबुवा म्हणत. आधी ती चिडायची. ज्या दिवशी खळ्यावर भावाला मारलं, त्या दिवशी मारोतराव गुरांच्या कोठ्यात जाऊन बसले होते आणि त्यांचा उजवा हात थांबता थांबत नव्हता. समोर वाखाची पेंडी पडली होती. अंबाडी पाण्यात कुजवून, बडवून काढलेले ते लांबलचक धागे. हाताला काही तरी द्यावं म्हणून त्यांनी ते उचलले आणि वळायला घेतले. तेव्हापासून राग आला की वाख, असं त्यांनी स्वतःला लावून घेतलं. पहिल्या वर्षी घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. कासरे, दावी, नाडे, मोटेचे दोर. गावातल्या प्रत्येक बैलाच्या गळ्यात मारोतरावांचा राग बांधलेला होता. मग हळूहळू दोर कमी होत गेले.

आणि मधल्या काळात माणूस बदलला. पहाटे उठून बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचे. अंगण स्वतः झाडायचे, आणि झाडून झालं की खराटा टेकवून नुसते उभे राहायचे, कोवळं ऊन तुरीवर येतं ते बघत. एकदा जेवताना म्हणाले, "आज ठेचा लय बेस झाला." लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि ताटाबद्दल चांगला शब्द पहिल्यांदाच निघाला होता. मनकर्णाबाईनं घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला होता. ताप नव्हता.

या माणसाचा तिला आता फार अभिमान वाटायचा. पण अभिमान एकीकडे आणि काल जगदेव ज्या तऱ्हेनं हसला ते एकीकडे. आज साऱ्या लोकांसमोर वावरातही हे दोर वळत बसले, तर जगदेव म्हणणार, पहा, डोकं फिरलंय याचं, अशा माणसापाशी पोर ठेवू का? ते बैल पाजायला गेले तशी तिनं ओसरीवरचा वाख उचलला. मग लगबगीनं वावरात जाऊन बाभळीच्या बेचक्यात त्यांनी कायम ठेवलेली पेंडीही काढली आणि ते दोन्ही आणून घराच्या मागं कडब्याच्या गंजीत खोल खुपसून ठेवली. आपण नवऱ्याची लाज राखली, असं तिला वाटलं.

जगदेव आत्याला घेऊन छकड्यातून निघाला. बाकीचे पुढं पायी गेले होते. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवली होती. रस्ता ओळखीचा होता आणि म्हणूनच त्याला तो नकोसा वाटत होता. ते खळं उजव्या हाताला लागलं तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. मार एवढा लागला नव्हता. पण बाया धान उपणायच्या थांबल्या होत्या आणि सगळे बघत होते, ते त्याच्या मनातून जात नव्हतं.

"आत्या, तुले खरं वाटते तो सुधारला?" त्यानं विचारलं.

"मले?" रंगूआत्या हसली. "मी तुह्या बापासंग वाढली बाप्पा. मरायच्या आदल्या दिवशी त्यानं वैद्यावर तांब्या फेकला होता. या घरचं रगत हाय ते. दोर वयल्यानं रगत बदलते काय?"

"मंग आज पाय तू. मी नुसतं बोलन. हात त्याचा उचलन."

"आनि उचलला तं?"

"तं पोरगी माही. मंग वयनीनं रडायचं नाई आनि कोनी आडवं यायचं नाई."

आत्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला जगदेव लहानपणापासून लाडका, शेंडेफळ म्हणून. पण म्हातारी सरळ होती. "कबूल," ती म्हणाली. "मी सोता तिचं बोचकं बांधून देईन. पण त्यानं हात नाई उचलला, तं पोरीले इचारायचं. ती म्हनन ते करायचं. हे तुले कबूल हाय का?"

"तशी वेळच येनार नाई," जगदेव म्हणाला.

"कबूल हाय का?"

"हाय."

वावर फुटलं होतं. काही बोंडं अजून मिटलेली, काही उकललेली. वेचणीला आलेल्या बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ओट्या बांधून पूजेची वाट बघत बसल्या होत्या. मारोतरावांनी एका जोमदार पऱ्हाटीभोवती जागा साफ केली, पाच खडे मांडले आणि मागं सरकले. त्यांना आज सकाळपासून बरं वाटत होतं, याचं त्यांनाच नवल वाटत होतं. पोर जाईल या भीतीनं रात्रभर डोळा लागला नव्हता. पण ऊन चांगलं पडलं होतं, बैल नीट पाणी प्याले होते, आणि रुख्मिणी दोन पाती, दोन ओळी पुढं फ्रॉकच्या ओच्यात पूजेपुरती बोंडं गोळा करताना मोठमोठ्यानं काही तरी गात होती. एवढं तरी आहे, असं ते स्वतःला म्हणाले.

जगदेव छकड्यातून उतरला तो बोलतच.

"दादा, पऱ्हाटी पायली का? बाबाच्या वेळी बोंड मुठीत मावत नव्हतं."

"औंदा पानी उशिरा आलं," मारोतराव म्हणाले.

"पान्याचं काय घेऊन बसले! बाबा म्हनतच होते, मारोतीच्या हाती बैल द्या, वावर देऊ नका."

धुऱ्यावरच्या बायांमध्ये खसखस पिकली. मारोतरावांनी श्वास घेतला. बाबा तसं म्हणायचे, हे खरंच होतं.

"बोल तू," ते म्हणाले. "लय दिसानं आला. बोल."

मनकर्णाबाई पदर सावरत पुढं आली. "भावजी, पूजा होऊ द्या ना. मंग बोला."

"तुमी मधात नका पडू वयनी." जगदेव आता थांबणार नव्हता. त्याला ठाऊक होतं कुठं मारायचं. सहा वर्षं ते वाक्य त्यानं जपून ठेवलं होतं. "मी सांगतो दादा माह्या पोरीले काहून सोडत नाई ते. तुमाले सोताचं लेकरू झालं नाई. म्हनून दुसऱ्याचं दाबून बसले."

मनकर्णाबाईच्या तोंडाचा रंग उतरला. स्वतःबद्दल काहीही ऐकून घेतलं असतं मारोतरावांनी, पण ते तिचा चेहरा पाहत होते. उजवा हात शिवशिवायला लागला. खांद्यापासून खाली ते ओळखीचं गरम काही तरी उतरत आलं, अगदी त्या दिवशीसारखं. ते वळले, बाभळीपाशी गेले आणि बेचक्यात हात घातला.

वाख नव्हता.

त्यांनी दुसऱ्यांदा चाचपलं. मग मनकर्णाबाईकडे पाहिलं, आणि तिनं तोंडावर पदर धरला तेव्हा काय झालं ते त्यांना कळलं. आपण काय करून बसलो ते तिलाही त्याच क्षणी कळलं. हात रिकामा राहिला की तो हात बाबांचा होतो. हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"काय शोधून राह्यले दादा?" जगदेव त्यांच्या अगदी जवळ आला. छाती पुढं काढून उभा राहिला. "काठी?"

रंगूआत्यानं डोळे मिटून घेतले. तिला आता होणारं बघायचं नव्हतं.

मारोतराव मटकन खाली बसले. बाभळीखाली, मातीत. शेजारची पऱ्हाटी ओढून त्यांनी एक उकललेलं बोंड तोडलं. कापूस बाहेर काढला. नखानं एकेक सरकी वेगळी करायला लागले. पहिली सरकी निघायलाच वेळ लागला. ती बाजूला ठेवली, दुसरी काढली. सरकी निघाली तसा कापूस त्यांनी तळहातांवर घेतला आणि दोर वळतात तसाच वळला. पण तो होता कापूस. त्याचा दोर होईना. त्याची वात झाली.

ते वात मांडीवर ठेवून दुसऱ्या बोंडाकडे वळले.

धुऱ्यावरची एक बाई फिसकन हसली. मग सगळ्याच हसल्या. पाटलाच्या घरचा कर्ता पुरुष भर वावरात वाती वळत बसलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. जगदेवही हसला, पण त्याचं हसू मध्येच अडकलं, कारण मारोतरावही हसत होते. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होते.

"रुख्मे," त्यांनी हाक मारली, "बोंडं आन माय आनखी. तुह्या मोठ्यामायनं माहा वाख लपवला."

रंगूआत्यानं डोळे उघडले. मारोतरावाकडे पाहिलं, त्याच्या मांडीवरच्या वाकड्यातिकड्या वातींकडे पाहिलं, आणि तिला आपला भाऊ आठवला. त्याला उभ्या आयुष्यात असं एकदाही जमलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडू आलं की ती खेकसायची. "अरे, पन बाप्यामानसाच्या हातची वात सीतादहीले चालते काय?"

"चालते," मनकर्णाबाई म्हणाली. ती पुढं आली, नवऱ्याच्या मांडीवरची वात उचलली, तेलात भिजवली आणि पऱ्हाटीपुढच्या दिव्यात ठेवली. ज्या गोष्टीची सकाळी तिला लाज वाटली होती, ती साऱ्यांसमोर हातात घेताना तिची मान ताठ होती. "याच वातीनं लागन दिवा. दुसरी मी लावूच देनार नाई."

दिवा लागला. दहीभात शिंपडून झाला. मग आत्यानं ओठ घट्ट मिटून जगदेवकडे पाहिलं. "कबूल झालं होतं," ती म्हणाली. "रुख्मे, इकडे ये. तुहा बाप तुले कारंज्याले न्याले आला. तुह्या मनात काय हाय?"

"आत्या, तू त्याच्या बाजूनं झाली?" जगदेव म्हणाला.

"मी कोनाच्याच बाजूनं नाई. तिले बोलू दे."

रुख्मिणीचा ओचा कापसानं भरलेला होता. तिनं बापाकडे पाहिलं. वर्षातून एकदा हा माणूस कुणाच्या तरी हाती खाऊ पाठवायचा, एवढीच त्याची ओळख. "मी अथीच राह्यतो," ती म्हणाली. "तुमीच येत जा बाबा. दिवाईले या. अथी लय मजा असते."

"अथी राह्यतो?" जगदेवचा आवाज फाटला. इतका वेळ जे दादाच्या अंगातून निघायला हवं होतं, ते त्याच्याच अंगातून उसळून वर आलं. "बापाले नाई म्हनते? या लोकायनं शिकवलं तुले?" आणि त्याचा उजवा हात वर गेला. रामकिसन पाटलाचा जायचा तसाच, पंजा उघडा, खांद्याच्या मागं.

मारोतराव उठायला गेले. पण रुख्मिणी जागची हलली नाही. तिनं अंग चोरलं नाही, डोळे मिटले नाहीत. मार खाणारी पोरं तिनं गावात पाहिली होती, पण तिच्या स्वतःच्या अंगाला ते शिकायची वेळच आली नव्हती. तिनं त्या उघड्या पंज्याकडे मान वर करून पाहिलं, आणि तिला आपलं साधंच वाटलं.

"तुमालेबी पायजे का बाबा?" ती म्हणाली. ओच्यातलं बोंड काढून, टाचा उंचावून तिनं ते त्याच्या हातात ठेवलं.

जगदेव हातात बोंड घेऊन उभा राहिला. आपली लेक आपल्याला भ्यायली नाही, हे त्याला कळलं, आणि ती का भ्यायली नाही तेही कळलं. सहा वर्षं या घरात तिच्यावर कुणी हात उचललेला नव्हता. पहिला हात आज उचलला गेला होता, आणि तो त्याचा होता. तो दादाच्या शेजारी मातीत बसला.

मारोतरावांनी कोपरानं त्याला ढोसलं. "सरकी काढ पयले. तशीच नाई वयत."

धुऱ्यावरच्या बाया आता हसत नव्हत्या. त्या गुपचूप ओट्या सावरून पातींत शिरल्या आणि वेचणी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी जगदेव एकटाच निघाला. रुख्मिणीच्या डोक्यावरून त्यानं दोनदा हात फिरवला, आणि दोन्ही वेळा हात उचलताना तो जरा थबकला. गड्यानं छकडा जुंपला तेव्हा तो मारोतरावांकडे न बघता म्हणाला, "दादा, एखांदा दोर दे माह्यासाठी."

"कायले पायजे?"

"असाच. जवय ठेवीन."

मारोतरावांनी मनकर्णाबाईकडे पाहिलं. ती मागं गेली आणि कडब्याच्या गंजीतून दोन्ही पेंड्या ओढून घेऊन आली. तिच्या केसांत काड्या अडकल्या होत्या. "चुकलं माह्यं," ती हळूच म्हणाली. "मले लाज वाटली होती."

"आता?"

"आता काय! आता तं वातीसुद्दा तुमीच वया."

मारोतराव खदखदून हसले. मग त्यातली मोठी पेंडी त्यांनी छकड्यात जगदेवच्या मांडीवर ठेवली.

"हा तं नुसता वाख हाय," जगदेव म्हणाला. "म्या दोर मांगतला."

"तयार दोर माह्या रागाचे हायेत. ते तुह्या काय कामाचे? तुहा तू वय."

छकडा हलला. खळ्याच्या वळणापाशी पोचेपर्यंत सगळे दारात उभे होते. जगदेवनं पेंडीतून चार धागे ओढले, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि वळायला लागला. रुख्मिणी छकड्यामागं पळत गेली, थोडी थांबली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "बाबा! उलटा पीय पडून राह्यला!"

जगदेवनं वर पाहिलं. या वेळी त्यानं खळ्याकडून तोंड फिरवलं नाही. त्यानं पीळ उलगडला आणि पहिल्यापासून वळायला घेतला.